संगणकातील जुने भाडेकरू

वाडा ज्याच्या नावावर आहे त्याला त्याच वाड्यातील खोली रिकामी करून मिळत नाही, हे पुण्याच्या पेठांतून पिढ्यान् पिढ्या दिसत आलेले चित्र आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले आणि १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याने ते बव्हंशी कायम ठेवले. मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, हा भेद विद्यार्थ्यांना समजावून देण्यास वाड्याचे उदाहरण पुरेसे असे. आता ते घरच्या संगणकावरूनही देता येते.

जागा अपुरी पडू लागली म्हणून एखादा कारकून कचेरीतील संगणकाचा ‘सी’ ड्राइव्ह उघडतो. तेथे ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे, नावाआरंभी डॉलरचे चिन्ह असलेले, क्वचित नुसत्या अंकाक्षरांच्या निरर्थक नावाचे फोल्डर त्याच्या दृष्टीस पडते. अपडेटच्या वेळी प्रणालीने आपले सामान येथे उतरविले, काम उरकले आणि रिकामी खोकी अंगणात टाकून ती मोकळी झाली. ती खोकी उचलू जावे तर यंत्र बजावते की आपणांस अधिकार नाही, ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ची अनुमती आणावी. हे गृहस्थ कोण, हे त्या बापड्याला ठाऊक नसते. पैसे मात्र त्याच्या कचेरीने मोजलेले असतात.

हा नकार सर्वस्वी अन्यायाचा आहे असे मात्र म्हणता येणार नाही. २००७ साली बाजारात आलेल्या ‘व्हिस्टा’पासून मायक्रोसॉफ्टने प्रणालीच्या मूळ फायलींची मालकी या अंतर्गत सेवेकडे सोपविली. तत्पूर्वी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बसलेला कोणीही, किंवा त्याच्या आडून शिरलेला व्हायरस, त्या फायली सहज उडवू शकत असे. ‘विंडोज डॉट ओल्ड’देखील नवी आवृत्ती मानवली नाही तर माघारी फिरता यावे म्हणूनच राखलेले असते आणि सामान्यतः दहा दिवसांनी ते आपोआप नाहीसे होते. तेव्हा तक्रार कुलपाबद्दल नाही. मुदत संपूनही मागे राहिलेल्या सामानाबद्दल आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत, कचरा एकाने करावा आणि त्याची झळ तिऱ्हाइताने सोसावी असा हा प्रकार आहे. २०१५ साली तर ‘विंडोज १०’ न मागणाऱ्यांच्याही यंत्रांवर तिच्या काही गिगाबाइट आकाराच्या फायली आगाऊ उतरविल्या गेल्या. जेथे इंटरनेट मोजून मापून विकत घ्यावे लागते तेथे हा बोजा केवळ जागेचा नव्हता. २०१९ पासून नव्या यंत्रांवर सुमारे सात गिगाबाइट जागा अपडेटसाठी राखून ठेवली जाऊ लागली. ही निदान उघड आकारणी झाली. पण ३२ गिगाबाइटचा स्वस्त लॅपटॉप घेणाऱ्या विद्यार्थ्याचे काय? जागा नाही म्हणून अपडेट नाही, आणि अपडेट नाही म्हणून सुरक्षितता नाही.

उपाय आहे, आणि तो बळाचा नाही. ‘डिस्क क्लीनअप’ उघडून ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ हा पर्याय घ्यावा आणि यादीतील जुन्या विंडोजच्या नोंदीवर खूण करावी. बहुतेक सामान तेवढ्याने जाते. ‘टेकओन’ आणि ‘आयकॅक्ल्स’ या आज्ञांनी मालकी व परवानगी आपल्याकडे घेता येते, परंतु तो मार्ग अगदी अखेरचा, आणि तोही निरर्थक नावाच्या फोल्डरपुरताच. ‘विनएसएक्सएस’ला हात लावू नये. ते दिसते तितके मोठे नसते आणि प्रणालीचा डोलारा त्यावर उभा असतो.

पण हे सारे प्रत्येक शिक्षकाने व कारकुनाने स्वतः शिकून घ्यावे काय? कारकुनाचा तास फुकटचा मानण्याची आपल्या कचेऱ्यांची खोड जुनी आहे. संगणकांच्या देखभालीचे वार्षिक करार आपण करतोच. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर उरलेले सामान काढून किती जागा मोकळी झाली याची लेखी नोंद द्यावी, एवढे एक कलम त्यांत घालण्यास अडचण कोणती? ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’ निदान ६४ गिगाबाइट जागा मागते, त्यामुळे पुष्कळ महाविद्यालयांना नवी खरेदी चुकणार नाही. त्या निविदांचे मसुदे प्राचार्यांच्या टेबलावर येतील तेव्हा हे कलम त्यांत आहे की नाही, हे खरेदी समितीतील प्राध्यापकांनी पाहावे.