वितळले म्हणून मिसळले?

दुधाची रिकामी पिशवी आणि श्रीखंडाचा डबा आपण एकाच सुक्या कचऱ्यात टाकतो आणि कर्तव्य संपले असे मानतो. पुढे यंत्रात दोन्ही एकत्र वितळतील, त्यातून नवी बादली होईल, अशी समजूत असते. वितळतात हे खरे. मिसळत मात्र नाहीत.

पिशवी पॉलिएथिलीनची, डबा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा. दोन्ही फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे, म्हणजे जवळचे नातलग. तरीही २०० अंश सेल्सिअसला वितळवून कितीही ढवळा, आमटीत फोडणीच्या तेलाचे थेंब दिसावेत तसे एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात वेगळेच राहतात. कारण रेणूंच्या लांबीत आहे. छोटे रेणू एकमेकांत सहज विखुरतात. इथे हजारो दुवे एकाच साखळीत बांधलेले. मिसळून मिळणारी मोकळीक नगण्य, त्यामुळे किंचितशी नावडही फारकतीला पुरते. निवताना ती पक्की होते. प्रत्येकाच्या साखळ्या घड्या घालून आपापले स्फटिक बांधतात, आकसतात, आणि दोहोंमधली सीमा कच्ची राहते. बादली तडकते ती तिथेच.

यावर उपाय निघाला आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल व मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी दोन्हींचे तुकडे आलटूनपालटून जोडलेली साखळी बनवली. तिचा एक तुकडा या स्फटिकात गुंततो, दुसरा त्या. टाकाच घातला म्हणा ना! मिश्रणात ती अवघी १ टक्का घातली, तर ठिसूळ प्लास्टिक चिवट झाले. पण हा टाका या जोडीपुरता. तिसरे प्लास्टिक आले की त्याला वेगळा टाका हवा.

म्हणून खरे काम भट्टीच्या आधीचे, निवडण्याचे. पाण्याच्या टाकीत पाण्याच्या बाटलीचे पीईटी बुडते. पण पिशवी आणि डबा दोन्ही तरंगतात. मोठ्या परदेशी प्रकल्पांत अवरक्त किरणांनी ते ओळखतात. आपल्याकडे ते काम बहुतेक कचरावेचक स्त्रियांच्या हातांचे. पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून त्यांना संघटित करते आहे. कचऱ्याचे कंत्राट काढताना यंत्रांच्या किमतीची चर्चा होते, या हातांच्या मजुरीची क्वचितच. आणि २०१६ च्या नियमांनी उत्पादकांवर कचऱ्याची जबाबदारी टाकली असली, तरी वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर चिकटवलेली, कोणत्याही हाताला सुटी न करता येणारी पाकिटे दुकानादुकानांत लटकतच आहेत. एकाच प्लास्टिकचे पाकीट बनवा, हे त्यांना सांगायला कोणत्या नव्या शोधाची वाट पाहायची?