आजीच्या ओव्या आणि १ टीबी

नागावला जाऊन आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या, हा प्लॅन दोन वर्षं नुसता ठरत होता. शेवटी माइक घेतला आणि घोडं अडलं कुठे, तर हार्ड डिस्कवर! दुकानदार स्पीडचे आकडे ऐकवत बसला. पण हिशेब साधा आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, स्टिरिओ... तासाला जेमतेम १ जीबी. एवढं कुठलीही डिस्क आरामात लिहिते. खरी भानगड आवाजाची. माजघरातल्या शांततेत फिरत्या डिस्कची घरघर माइक बरोब्बर पकडतो. म्हणून रेकॉर्डिंगला एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नसतंच. कपाटात जपून ठेवायला मात्र साधी हार्ड डिस्क, कारण वर्षानुवर्षं वीज न मिळालेली एसएसडी विसरायला लागू शकते. (आजी नाही विसरत!)

आणि कॉपी दोन. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतंय ना? अलिबाग-मुरुड पट्ट्यात वाड्या आडव्या झाल्या, छपरं उडाली. त्यामुळे एक डिस्क नागावला, दुसरी माझ्याकडे मुंबईत.

"अगं, एवढ्याशा डबीत मी मावले?" आजीनं विचारलं.

अजून ९०० जीबी रिकामी आहे, आजी. शनिवारी येतेय.