टिटवीचा पहारा

सौसर सोडून पांढुर्ण्यास राहावयास आलो, त्या पहिल्याच रात्री टिटवी ओरडली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "फादर, हा अपशकुन!" सकाळी घरामागील वावरात पाहिले, तो ढेकळांमध्ये, उघड्या जमिनीवर, मातीच्याच रंगाची चार अंडी! टिटवीचे नर-मादी ती पाळीपाळीने उबवितात आणि कोणी जवळ येताच आकांत करितात. तो अपशकुन नव्हे, आईबापांचा पहारा होय. हे ऐकून आजींच्या मुलाने वखर थांबविला व तेवढा तुकडा सोडून दिला. सुमारे चार आठवडे उबविल्यावर पिले निघतात आणि लगोलग चालू लागतात. तेवढाच काय तो खोळंबा. टिटव्या सौसर येथेही होत्याच. मीच कधी थांबून पाहिले नव्हते. तुम्हीही वखरापूर्वी एकवार वावर न्याहाळावे.