सोन्याचा कस आणि उत्तरपत्रिकेचा

गारखेड्यातील सराफाकडून घेतलेल्या हॉलमार्कच्या दागिन्याचा कस कमी भरला, तर २०१८ च्या नियमांनुसार विक्रेत्याने तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकास द्यावयाचा असतो. नियम असावा तर असा.

उत्तरपत्रिकेवरील गुणांची कथा निराळी. राज्य मंडळाच्या १९७७ च्या विनियमांतील १०४ व्या विनियमाने केवळ फेरमोजणी देऊ केली. उत्तरपत्रिका पाहण्यास व पुनर्मूल्यांकनास मज्जाव केला. मुंबई उच्च न्यायालयाने हे निर्बंध रद्द ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते पुन्हा वैध ठरविले. आपलीच उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क त्याच न्यायालयाने मान्य केला तो २०११ मध्ये, माहिती अधिकाराच्या कायद्याखाली!

आज शुल्क भरून छायाप्रत मिळते, पुनर्मूल्यांकनही होते. परंतु वाढीव गुण हाती पडेपर्यंत प्रवेशफेरी उरकली असेल, तर त्या विद्यार्थ्याने काय करावे? सोन्यातील खोटीची किंमत विकणारा मोजतो. गुणांतील चुकीची मात्र ज्याच्यावर अन्याय झाला तोच. हा व्यवहार कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही. पुनर्मूल्यांकनात ज्यांचे गुण वाढले, त्यांच्यासाठी प्रत्येक महाविद्यालयात अखेरच्या फेरीनंतरही काही जागा राखून ठेवण्याचा नियम शासनाने करावा.