शिट्टीविना खेळायचं, तर भांडायलाही शिका

मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतली कॉलेज अल्टिमेट फ्रिस्बीची राष्ट्रीय स्पर्धा आटोपते. मग संघाचे कप्तान बसून सुट्टीचा तक्ता करतात: कोणी किती वजन उचलायचं, किती धावायचं. सगळ्यांना तो पाठवला की झाली म्हणे ऑफ-सीझनची तयारी!

तक्त्याला माझी हरकत नाही. शनिवार-रविवारच्या एका स्पर्धेत सहा-सात सामने होतात. सुसाट पळा, गचकन थांबा, वळा, पुन्हा पळा, असं दिवसभर चालतं. गुडघा आणि घोटा दगा देतात ते बहुधा या थांबण्या-वळण्यात. तेव्हा तासभर रमतगमत जॉगिंग करण्यापेक्षा मांड्यांची ताकद वाढवावी, उडी मारून एका पायावर नीट उतरायला शिकावं. फोरहँड तर रोज फेकल्याशिवाय वाऱ्यात टिकत नाही, आणि त्यासाठी समोर झेलणारा लागतोच. दोघांनी मिळून रोज अर्धा तास डिस्क फेकली, तर हात तयार होतो आणि ओळखही वाढते. संघबांधणीच्या पिझ्झा पार्टीपेक्षा मला हे जास्त पटतं.

पण खरी उणीव वेगळीच आहे. या खेळात सात-सात जणांचे दोन संघ, १७५ ग्रॅमची डिस्क. ती हातात असताना पळायचं नाही, दहा सेकंदांत फेकायची, पलीकडच्या पट्ट्यात आपल्या माणसानं झेलली की गुण. आणि पंच नाही. फाउल झाला तर ज्याला धक्का बसला त्यानं पुकारायचं, समोरच्यानं मानायचं किंवा नाकारायचं. मोठ्या स्पर्धांत निरीक्षक असतात, पण वाद मिटला नाही तरच त्यांच्याकडे जायचं. १९६८ साली न्यू जर्सीतल्या मेपलवुडच्या शाळकरी पोरांनी हा खेळ सुरू केला. १९७२ मध्ये रटगर्सनं प्रिन्स्टनला २९-२७ असं हरवलं, तो कॉलेजांमधला पहिला सामना. पुढे नियम बदलत गेले, पण निवाडा खेळाडूंच्याच हाती राहिला.

मग या निवाड्याचा सराव कधी करायचा? मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे हिवाळ्यात मैदान बर्फाखाली जातं. अल्टिमेटसारख्या विद्यार्थी-क्लबांना इनडोअर हॉल मिळतो तो अधिकृत संघांचं आटोपल्यावर, अनेकदा रात्री उशिरा. तिथे आपापसात सामना रंगतो. फेकणाऱ्याचा रोवलेला पाय वीतभर सरकतो, म्हणजे नियम मोडतो. त्याला अडवणाऱ्या बचावपटूला ते स्वच्छ दिसतं, पण तो गप्प! समोरचा त्याचा रूममेट. कशाला वाईटपणा घ्या? हीच भीड मे महिन्यात नडते. परका संघ तोच पाय पकडतो, आणि आपला गडी आयुष्यात प्रथमच ऐकल्यासारखा चवताळतो.

म्हणून सुट्टीतच, दमछाक नसताना, नियमपुस्तिका वाचा. सरावात मित्राविरुद्ध फाउल पुकारा, आवाज न चढवता दोन वाक्यांत बाजू मांडा, अर्ध्या मिनिटात निकाल लावा आणि खेळ सुरू करा. प्रत्येक सामन्यानंतर प्रतिस्पर्ध्याला ‘स्पिरिट’चे गुण द्यायचे असतात: नियमांचं ज्ञान, अंगाला अंग भिडणं टाळणं, निष्पक्षपणा, वृत्ती आणि संयम, संवाद. प्रत्येकी शून्य ते चार. यातलं एकही जिममध्ये कमावता येत नाही. कप्तान या गुणांकडे सभ्यतेचं सर्टिफिकेट म्हणून बघतात. मी म्हणेन, हा सरावाचा अभ्यासक्रम आहे. आपसातल्या सामन्यानंतरही एकमेकांना हेच गुण द्या, आणि कमी का दिले ते तोंडावर सांगा.

एमएससाठी निघालेल्या आपल्या मुलामुलींनी हे जरूर डोक्यात ठेवावं. कॉलेजच्या संघांत पदव्युत्तर विद्यार्थीही खेळतात, आणि बऱ्याच ठिकाणी कधी डिस्क न धरलेल्यांचंही स्वागत होतं. खो-खोतली हुलकावणी येत असेल तर बचावपटूला चकवायचं निम्मं काम झालंच. सत्र सुरू होताच नवख्यांची भरती चालू होते. फुटबॉलचे खिळ्यांचे बूट इथूनच घेऊन जा. नियमपुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते, ती विमानात वाचून होईल.