निरपराध्यासाठी रडणे सोपे

आमच्या धर्मग्रामातील एका तरुण वाचकाने स्टीफन किंग यांची 'द ग्रीन माइल' ही कादंबरी आमच्या हाती ठेवली आणि म्हटले, "फादर, ही ख्रिस्ताचीच कथा आहे." आम्ही ती वाचली. डोळे ओले झाले, हेही कबूल करतो. परंतु त्याचे मत आम्हांस मान्य नाही.

ही कादंबरी १९९६ साली सहा छोट्या भागांत प्रसिद्ध झाली. स्थळ लुइझियानातील तुरुंग, काळ १९३२. दोन लहानग्या जुळ्या बहिणींच्या खुनाचा आरोप माथी आलेला धिप्पाड कृष्णवर्णीय जॉन कॉफी विजेच्या खुर्चीची वाट पाहत आहे. तो निरपराध आहे. त्याच्या स्पर्शाने रोग बरे होतात. इतरांचे दुखणे तो स्वतःत ओढून घेतो. नावाची आद्याक्षरेही जे. सी.! पहारेकऱ्यांना सत्य उमगते, तरीही ते त्याला खुर्चीत बसवतात. आणि जगाच्या वेदनांनी थकलेला कॉफीच मरणाची इच्छा व्यक्त करून त्यांचे ओझे हलके करतो. पिलाताला हात धुण्यासाठी इतके स्वच्छ पाणी शुभवर्तमानातही मिळाले नव्हते.

पण आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. जो निर्दोष आहे, शिवाय चमत्कार करतो, त्याच्या मरणावर कोण रडणार नाही? वाचकाची कसोटी कॉफीपाशी लागत नाही. ती लागते एदुआर देलाक्रोआपाशी. या माणसाने एका मुलीवर अत्याचार करून तिला मारले. पुरावा नष्ट करण्यासाठी लावलेल्या आगीत आणखी सहाजण बळी गेले. कोठडीत तो एका उंदराला खेळ शिकवतो. एक दुष्ट पहारेकरी त्याच्या डोक्यावरचा स्पंज मुद्दाम कोरडा ठेवतो आणि तो जिवंत जळतो. फ्रेंचमध्ये त्याच्या आडनावाचा अर्थ 'क्रूसाचा' असा होतो. लेखकाने हे योजले होते की नाही, देव जाणे. ही पाने लिहिणाऱ्या किंग यांना आमचा नमस्कार. दुर्दैव हे की कॉफीच्या तेजापुढे वाचक देलाक्रोआला विसरतो.

त्याच लुइझियानात ५ एप्रिल १९८४ रोजी पॅट्रिक सोनिये याला विजेच्या खुर्चीत बसवले गेले. दोन तरुण जिवांच्या हत्येत तो दोषी ठरला होता. त्याच्यापाशी चमत्कार नव्हता. तरीही हेलन प्रेजाँ ही धर्मभगिनी शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहिली. प्रभूच्या उजव्या-डाव्या बाजूंस तरी कोण होते? गुन्हेगारच, आणि त्यांतल्या एकाने आपली शिक्षा योग्यच आहे असे स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. त्यालाच सुखलोकाचे वचन मिळाले.

२०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात बदल करून देहदंड कोणत्याही परिस्थितीत अस्वीकार्य ठरवला. त्यात 'निरपराध्याला' असा शब्द नाही. आपण मात्र? नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात कसाबला फाशी झाली तेव्हा ठिकठिकाणी पेढे वाटले गेले. ते घेणारे हात आमच्याही ओळखीचे होते. मृतांच्या नातलगांचे दुःख आम्ही हलके लेखत नाही. पण पेढ्याने ते दुःख कसे शमते, हे आम्हांस आजवर कळलेले नाही.

पुस्तक परत करताना आम्ही त्या तरुणाजवळ देलाक्रोआचा विषय काढला. तो घुटमळला. "पण फादर, त्याने तर खरेच खून केले होते ना?"

आम्ही पुस्तक परत आपल्याकडे घेतले, त्या प्रकरणात खूण घातली आणि पुन्हा त्याच्या हाती दिले.