कातडीचें चक्रवाढ व्याज

मऊ पदार्थ ताणला असतां किती ताणला जातो, हा प्रश्न वरवर बाळबोध वाटतो. परंतु शस्त्रवैद्यास त्याचें उत्तर ठाऊक नसेल तर रोग्याचें रूप बिघडतें. पुण्याजवळच्या एका प्रसंगावरून हें ध्यानीं येईल.

टिपूशीं झालेल्या युद्धांत, १७९२ सालीं, इंग्रजी सैन्याबरोबरचा कावसजी नांवाचा मराठा गाडीवान शत्रूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आले. सुमारें वर्षानें पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्यास नवें नाक बसविलें. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'नें ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत ही हकीकत छापली. रीत अशी: मेणाची पातळ चकती नाकाच्या थोटकावर बसवून घाट सिद्ध करावयाचा, ती सपाट करून कपाळावर ठेवावयाची, तिच्या कडेनें रेघ ओढून तेवढी कातडी सोडवावयाची व खालीं वळवावयाची. भुवयांमधील चिंचोळी पट्टी मात्र अखंड राखावयाची, कारण सांधा जुळेपर्यंत रक्त तिच्यांतूनच येतें. सुश्रुतानें याच कामीं झाडाच्या पानाचें माप सांगितलें आहे.

पान व मेण आकार सांगतात. ताण सांगत नाहींत. अंगावरील कातडी मुळांतच किंचित् ताणलेली असते. कापतांच ती आंखडते. शिवाय हा ताण सर्व दिशांस सारखा नसतो. आमच्या सांताक्रूझच्या बाजारांतील कोणताहि शिंपी सांगेल कीं, कापड उभ्या धाग्यानें ताणत नाहीं, उरेब ताणतें. कातडीच्याहि अशा दिशा आहेत. त्यांच्या रेषा व्हिएन्नाच्या लांगर यांनीं १८६१ सालीं दाखविल्या.

आतां ताणण्याचा नियम. दुप्पट जोर लाविल्यास स्प्रिंग दुप्पट वाढते, असें हूक यांनीं १६७८ सालीं मांडलें. कातडी हें मानीत नाहीं. हाताच्या पाठीवरील कातडी चिमटींत धरून पाहा: प्रथम ती सहज येते, मग एकाएकीं अडते. तिच्यांतील कोलॅजेनचे चिवट तंतू नागमोडी असतात. कपडे वाळत घालण्याची सैल दोरी ताठ होईपर्यंत भार घेत नाहीं, तसेंच हे तंतू. एकेक सरळ होतो तसा भार उचलतो. फंग यांनीं १९६७ सालीं सशाच्या आंतड्याच्या पडद्यावर प्रयोग करून दाखविलें कीं, आधींचा ताण जितका अधिक, तितका पुढील ताणण्यास विरोध अधिक. मुद्दलाच्या प्रमाणांत व्याज वाढावें, तोच हा चक्रवाढीचा हिशेब!

हा नियम संगणकास शिकवून, कातडी ओढून शिवल्यास ताण कोठें सांचेल, हें सुरी लावण्यापूर्वीं अजमावतां येतें. ताण अति झाला तर रक्त पोंचत नाहीं व कड काळी पडून मरते. तथापि म्हाताऱ्याची कातडी मुलाच्या कातडीसारखी नव्हे. म्हणून गणितास वैद्याच्या बोटांची जोड लागतेच.

गृहिणींनीं यांतून एवढें घ्यावें: टांके निघाले म्हणजे जखम पूर्ववत् झाली असें नव्हे. तीन आठवड्यांनीं तिचें बळ मूळच्या बळाच्या पंचमांशाच्या आसपास असतें. पोटाची शस्त्रक्रिया होऊन आलेल्या सुनेस पाण्याची कळशी उचलूं देऊं नये. तिच्या कातडीचा हिशेब अद्याप पुरा व्हावयाचा असतो.